पिंपातल्या घासण्या

सोमवार, ४ नोव्हेंबर २०२४

दिवाळी संपली. सकाळी महापालिकेच्या कीटकनाशक खात्याचे दोघे आले. मागच्या अंगणातल्या हौदात त्यांनी बॅटरी मारून पाहिली आणि वाटीभर पाणी काढून माझ्यासमोर धरलं. डासांच्या अळ्या वळवळत होत्या. "काका, एक तर माती टाकून बुजवा, नाहीतर मासे सोडा आणि पाणी हलतं ठेवा. पुढच्या वेळी नोटीस द्यावी लागेल." मी एकतीस वर्षं विमा कंपनीच्या दावे विभागात काढली. नोटीस पाठवणं माझं काम होतं, घेणं नव्हे.

हौद आमच्या आजोबांच्या वेळचा. ठाकूरद्वारात तळमजल्याला मागे अंगण आणि अंगणात हौद आहे असं सांगितलं तर लोकांचा विश्वास बसत नाही. आमची ही, उर्मिला, होती तोवर त्यात कमळं असायची. तिला जाऊन दोन वर्षं झाली. कमळंही गेली.

ठाण्याहून यतीनचा फोन आला. "बाबा, बुजवून टाका तो हौद. आणि इकडे या राहायला." मी म्हणालो, जमणार नाही, मी मासे पाळतोय. तोंडातून निघून गेलं, मग ठरलंच.

जाईबाईंना सांगितलं. एकोणीस वर्षं आमच्याकडे स्वयंपाक आणि धुणंभांडी त्याच करतात. काळाचौकीहून बसने येतात, आमच्या इमारतीत त्यांची आणखी तीन घरची कामं आहेत. "खायचे मासे की बघायचे?" त्यांनी विचारलं. बघायचे, म्हटल्यावर त्या भांड्यांकडे वळल्या. मालवणी माणसाला हे पटणं कठीणच.

शनिवार, ९ नोव्हेंबर

क्रॉफर्ड मार्केटला जाऊन आलो. मासेवाल्याने अर्धा तास व्याख्यान दिलं. नुसता पंप चालत नाही, गाळणी हवी. त्यासाठी जपानी चटई मिळते. तिची किंमत ऐकून मी उठलो.

घरी आल्यावर जाईबाईंपाशी बोललो. त्या म्हणाल्या, "चटई कशाला, साहेब? शीव कोळीवाड्यात माझी मैत्रीण आहे, सुभद्रा. तिचा जावई रंगीत मासे पाळून विकतो. तो पिंपात घासण्या भरतो. भांडी घासायच्या, त्या प्लॅस्टिकच्या कुरळ्या. पाणी त्यातनं जातं, घाण अडकते."

तसा हा विचार माझ्याही मनात येऊन गेलाच होता.

बुधवार, १३ नोव्हेंबर

जाईबाईंनी लालबागच्या बाजारातून पिशवीभर घासण्या आणल्या. पिवळ्या, निळ्या, गुलाबी. सगळ्या मोरीत घेऊन दोनदा नुसत्या पाण्याने खळबळून काढल्या. मी म्हटलं, साबण लावा थोडा, दुकानातल्या आहेत. तर म्हणतात, "नको साहेब. सुभद्राच्या जावयाने बजावून सांगितलंय, साबणाचा थेंब लागता नये. मासा मरतो."

निळं पिंप आणलं. हौदातलं पाणी पंपाने पिंपाच्या तळाशी सोडायचं, ते घासण्यांमधून वर चढतं आणि नळीवाटे पुन्हा हौदात पडतं. दुपारपर्यंत सगळं बसवलं. पाणी पडण्याचा आवाज चांगला येतो. इमारतीच्या ग्रुपवर फोटो टाकला, खाली लिहिलं, 'घरच्या घरी गाळणी, माझी कल्पना.' चौदा अंगठे आले.

रविवार, २४ नोव्हेंबर

सहा कोई आणले, जपानी रंगीत मासे. मासेवाला म्हणाला होता, आधी पाणी दहा-बारा दिवस फिरू द्या, मग सोडा. तसंच केलं. एक पांढरा आहे, त्याच्या डोक्यावर लाल ठिपका. जाईबाईंनी त्याचं नाव कुंकवाली ठेवलं. मी सांगितलं, माशांना नावं ठेवायची नसतात, जीव गुंततो. आता त्या मला ऐकू जाणार नाही इतक्या हळू हाक मारतात, पण मला ऐकू येतं.

गुरुवार, १२ डिसेंबर

पाणी तळापर्यंत स्वच्छ दिसतं. तपासणीचे थेंब टाकले, रंग बदलला नाही, म्हणजे विष नाही. मासेवाल्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "काका, तुमचं पिंप जमलं. आता त्याला हात लावू नका."

आताशा दुपारचा चहा मी अंगणात घेतो. जाईबाई पायरीवर बसून त्यांचा कप घेतात. आज म्हणाल्या, "साहेब, एक सांगू का? सीमाने अर्ज केलाय तुमच्या शाळेत."

सीमा म्हणजे त्यांची मुलगी. बी.कॉम. झाली आहे. नवरा सोडून गेला, ती पोरीला घेऊन आईकडे राहते. आमच्या ज्ञातीच्या ट्रस्टची शाळा आहे, तिच्या वाचनालयात मदतनीसाची जागा निघाली आहे, आणि मी विश्वस्त. "तुम्ही ओळखता तिला लहानपणापासून. फक्त चांगली आहे एवढं सांगा." मी म्हणालो, शब्द टाकतो. त्या पटकन उठल्या आणि माझा रिकामा कप घेऊन आत गेल्या. आत बराच वेळ नळ चालू होता.

रविवार, २९ डिसेंबर

ट्रस्टचे चिटणीस अजितराव आणि दोन विश्वस्त येत्या रविवारी चहाला येणार आहेत. हौद बघायचाय म्हणाले. ग्रुपवरचा फोटो त्यांच्यापर्यंत पोचला आहे.

पिंपाचं झाकण काढून पाहिलं आणि शिसारी आली. घासण्यांवर तपकिरी बुळबुळीत थर. हात घातला तर शेंबडासारखं लागतं. पाहुण्यांना हे दाखवायचं? संध्याकाळी ताडदेवच्या मॉलमध्ये गेलो आणि साठ नव्या घासण्या आणल्या. हिरव्या, चपट्या, एका मापाच्या. पाकिटावर मोठ्या अक्षरात छापलंय की नव्व्याण्णव टक्के जंतूंचा नाश होतो. आधीच या घ्यायला हव्या होत्या.

गुरुवार, २ जानेवारी २०२५

नव्या घासण्या भरल्या. एकावर एक रचल्यावर पिंप एखाद्या दवाखान्यातल्या कपाटासारखं दिसतं.

जाईबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. "साहेब, ते चिकट राहू द्या. सुभद्राचा जावई म्हणतो, तेच काम करतं. ते काढलं की..." मी त्यांना मध्येच थांबवलं. ज्याने त्याने आपापलं काम करावं. जुन्या घासण्या कचऱ्यात टाकायला सांगितल्या.

शुक्रवार, ३ जानेवारी

मासे आता मला ओळखू लागले आहेत. सहाही वर येऊन नळीपाशी तोंडं उघडी ठेवून उभे असतात, मी गेलो तरी हलत नाहीत. जाईबाई म्हणाल्या, "त्यांना दम लागलाय." मी हसलो. एवढ्या स्वच्छ पाण्यात कसला दम?

पाहुण्यांसाठी त्यांना मागची, हौदाला लागून असलेली मोरी घासून घ्यायला सांगितली.

रविवार, ५ जानेवारी

काल सकाळी दोन मासे उलटे तरंगत होते. संध्याकाळपर्यंत चार. मासेवाल्याला फोन केला, लागला नाही. आज सकाळी सहाही गेले. जाईबाईंनी ते परातीत काढून ठेवले, कुंकवाली सगळ्यात वर. पाहुण्यांना येऊ नका असं कळवायला हवं होतं, पण काय कारण सांगायचं ते सुचेना.

पाच वाजता तिघे आले. अजितराव हौदापाशी उभे राहिले आणि म्हणाले, "मासे कुठायत, श्यामकांत?" कोणीतरी हसलं. मी म्हणालो, "आमच्या बाईने मोरी धुताना साबणाचं पाणी जाऊ दिलं हौदात. काय करणार."

बोलेपर्यंत हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. बोलल्यावर सगळा उलगडा झाला. मोरी शुक्रवारी धुतली, मासे शनिवारपासून मेले. दुसरं कारण असूच शकत नाही.

ती चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने ऐकलं. कप ठेवले, साखर विचारली.

सोमवार, ६ जानेवारी

तिचा जबाब घेतला.

जेवणाच्या टेबलाशी समोर बसवलं. एकोणीस वर्षांत ती त्या खुर्चीवर कधी बसली नव्हती, टोकावर बसली. मी क्रमाने विचारत गेलो. मोरी किती वाजता धुतली? कोणती पावडर? बादली कुठे ओतली? ती म्हणाली, नुसत्या पाण्याने आणि झाडूने धुतली, पावडर घेतलीच नाही. "मीच सांगितलं होतं ना साहेब तुम्हाला, साबण चालत नाही म्हणून. मी कशी टाकीन?"

मी म्हणालो, साबण चालत नाही हे ठाऊक असणारं या घरात दुसरं कोण आहे? हे तिच्या विरुद्धच जातं.

ती म्हणाली, "त्या हिरव्या घासण्यांनी झालं असेल."

दाव्यांच्या कामात हे नेहमीचं. अंगाशी आलं की माणूस वस्तूकडे बोट दाखवतो. मी गप्प बसलो. माझी जुनी पद्धत आहे. समोरच्याला गप्पपणा सोसत नाही, तो काहीतरी बोलतो, ते लिहून घ्यायचं. पण ती बोलेना. हात मांडीवर ठेवून बसून राहिली. मग मी म्हणालो, "अजितरावांनी कालच विचारलं, अर्ज केलेली मुलगी हिचीच का."

तिने मान वर केली. "माशांमुळे सीमाचं काम जाईल?"

"खरं सांगितलंस तर नाही. चूक कोणाकडूनही होते. चूक कबूल करणाऱ्या माणसाच्या घरातल्या मुलीबद्दल मी छातीठोक सांगू शकतो. खोटं बोलणाऱ्याच्या नाही."

आज प्रथमच तिला अगंतुगं केलं. तिच्या लक्षात आलं असावं.

कुकरच्या शिट्ट्या झाल्या, ती उठून गॅस बंद करून आली आणि म्हणाली, "लिहा तुम्हाला काय लिहायचं ते."

मी लिहिलं: 'शुक्रवारी मोरी धुताना माझ्या हातून साबणाचं पाणी हौदात गेलं व त्यामुळे मासे मेले हे मी राजीखुशीने कबूल करते.' तिने वाचलं. तिला वाचता येतं, चौथीपर्यंत शिकली आहे. 'राजीखुशीने' या शब्दावर बोट ठेवून थांबली. मग सही केली. ज चा काना वाकडा आला.

नंतर पोळ्या करून गेली. पोळ्या नेहमीसारख्याच.

मंगळवार, ७ जानेवारी

कागदाचा फोटो इमारतीच्या ग्रुपवर टाकला. कोणाला बदनाम करण्याचा हेतू नव्हता, घराघरात बाया आहेत, लोक सावध राहावेत एवढंच. पहिल्या मजल्यावरच्या कोठारेबाईंनी लिहिलं, 'मुक्या जिवांशी असं वागणारी माणसं घरात नकोतच.' दुपारपर्यंत तिन्ही घरांनी तिला उद्यापासून येऊ नको म्हणून कळवलं.

हे मी सांगितलं नव्हतं. पण मग मी एकट्यानेच तिला ठेवणं बरं दिसलं नसतं. चार वाजता किल्ली मागून घेतली. तिने पदराच्या गाठीतून सोडवून टेबलावर ठेवली. "औषधाच्या गोळ्या फ्रिजवरच्या डब्यात आहेत. पांढरी सकाळची," म्हणाली आणि गेली.

शनिवार, १८ जानेवारी

ट्रस्टची बैठक. वाचनालयाच्या जागेसाठी दोन नावं उरली होती, सीमा आणि दुसरी एक. मुख्याध्यापिका सीमाच्या बाजूने होत्या. अजितराव माझ्याकडे वळले. "तुम्ही ओळखता ना घराला? ते माशांचं प्रकरण नेमकं काय होतं?"

कागद खिशात होता. मी तो नुसता टेबलावर ठेवला. मला विचारलं नसतं तर काढला नसता. एकाने मोठ्याने वाचला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "हे आईचं आहे, मुलीचं नाही." दुसरे म्हणाले, "पुस्तकं लहान मुलांच्या हाती द्यायची, निष्काळजी घर नको." मी मतदानात भाग घेतला नाही. ओळखीच्या माणसाच्या बाबतीत तेच योग्य. दुसरीचं नाव ठरलं. कागद ट्रस्टच्या फाइलला लावला.

बाहेर उसळपाव खाल्ला. हल्ली दोन्ही वेळचं जेवण बाहेरच होतं.

मंगळवार, २१ जानेवारी

सीमाचा फोन आला. आवाज शांत होता.

"काका, आईने ते लिहून दिलं ते माझ्यासाठी. तुम्ही तिला सांगितलं होतं की सही केली तर माझं काम अडणार नाही."

"मी असं सांगितलं होतं की मी तुझ्याबद्दल बोलू शकेन."

"मग बोललात?"

मी म्हणालो की मतदानात मी तिच्या विरुद्ध हात वर केला नाही.

"आई रोज विचारते, साहेबांचा फोन आला का. काय सांगू तिला?"

मी म्हणालो, सध्या बैठकीत आहे. फोन ठेवला. घरात मी एकटाच होतो, पण तिला ते कळायचं कारण नव्हतं.

रविवार, २ फेब्रुवारी

नवे चार कोई आणले. हौदाचं पाणी पूर्ण बदललं. मागच्या अंगणात आता कोणी येत नाही. पिंप आहे तसंच, हिरव्या घासण्यांचं. बघू.

बुधवार, ५ फेब्रुवारी

चारही गेले. सोमवारपासूनच वर येऊन तोंडं उघडत होते.

मासेवाल्याकडे गेलो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, घासणीचं पाकीट आहे?" घरी येऊन कपाटातून काढलं, भिंग घेतलं. मागच्या बाजूला, अगदी खाली: 'जंतुनाशक प्रक्रिया केलेली. मत्स्यटाकीत वापरू नये.' मासेवाल्याला फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, "जुन्या घासण्यांवरचा तो चिकट थर म्हणजेच तुमची गाळणी होती. तो काढलात आणि वर हे विष घातलंत."

छपाई फार बारीक होती. इतक्या बारीक अक्षरात इशारा देणं म्हणजे न दिल्यासारखंच. दाव्यात हा मुद्दा टिकला असता.

दोन तास बसून विचार केला. पाकीट मी पाहिलं आणि मासेवाल्याने ऐकलं, तिसऱ्या कोणाला ठाऊक नाही. शाळेतली दुसरी मुलगी सोमवारी रुजू झाली, आता तिला काढणं अन्यायाचं होईल. कोठारेबाईंकडे नवी बाई आली आहे. सगळं आपापल्या जागी बसलंय. पाकीट फाडून टाकलं.

रविवार, ९ फेब्रुवारी

काळाचौकीला जाऊन आलो. हे लिहून ठेवतो.

मनाला बरं वाटत नव्हतं, म्हणून ठरवलं की तिला माफ करून टाकावं. पेढ्यांचा डबा घेतला. चाळ शोधायला वेळ लागला. दुसऱ्या मजल्यावरची खोली, दार उघडंच. जाईबाई खाली बसून चादरीवर मिरच्यांचे देठ काढत होत्या. बोटांना चिंध्या बांधलेल्या. आता त्या एका केटररकडे मोठी भांडी घासतात, सोड्याने हात सोलवटतात, असं सीमाने सांगितलं. सीमाने मला खुर्ची दिली आणि पोरीला घेऊन बाहेर गॅलरीत जाऊन उभी राहिली.

"बसा साहेब," जाईबाई म्हणाल्या. "जेवण कुठे करता?"

"बाहेर."

"गोळ्या घेता ना?"

मी हो म्हणालो. मग आधी मनात जुळवून आणलेलं बोललो. झालं ते झालं, माणसाच्या हातून चुका होतात, माझ्या मनात आता काही नाही, मी तुम्हाला माफ केलं. उद्यापासून कामाला या.

त्या मिरच्या निवडत राहिल्या. "नवे मासे घातलेत?"

"घातले होते. तेही गेले."

बोलून गेल्यावर मला कळलं मी काय बोललो ते. त्यांचे हात थांबले. गॅलरीत सीमा वळून बघायला लागली. खाली कोणीतरी नळाला पाइप लावत होतं, तेवढाच आवाज.

"मग या वेळी कोणाकडून लिहून घेतलंत?" त्यांनी विचारलं. रागाने नाही. बाजारातून काय आणू, असं विचारायच्या, तसं.

मी पेढ्यांचा डबा पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही, ढकललाही नाही. "साहेब, माझा कागद तेवढा परत द्या," म्हणाल्या. "सीमाने दुसरीकडे अर्ज केलाय. तिथले लोक तुमच्या शाळेत चौकशी करतील."

मी सांगितलं की कागद फाइलला लागला आहे, विश्वस्तांच्या ठरावाशिवाय निघत नाही.

"मग ठराव करा."

"त्यासाठी कारण द्यावं लागतं, जाईबाई."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एकोणीस वर्षांत इतका वेळ त्यांनी कधी माझ्या तोंडाकडे पाहिलं नसेल. मग म्हणाल्या, "सीमा, साहेबांना जिन्यापर्यंत सोड. पायऱ्या मोडल्यात." आणि पुन्हा मिरच्या घेतल्या.

सीमा जिन्यापर्यंत आली. डबा तिने माझ्या हातात परत दिला.

बुधवार, १२ फेब्रुवारी

सकाळी अजितरावांना पत्र लिहायला बसलो. 'त्या कागदातील तपशिलाबाबत काही खुलासा करणे आवश्यक वाटते,' इथपर्यंत लिहिलं. पुढचं वाक्य लिहायला घेतलं की प्रत्येक वेळी त्याच्या सुरुवातीला 'मी' येतो. तीन वेळा फिरवून पाहिलं, टळत नाही. पत्र अर्धवट ठेवलं. शाळेत चौकशी होईलच असंही नाही.

अकरा वाजता नवी बाई आली, रमाबाई, माहीमची. कामाचं सगळं समजावून सांगितलं. तिने विचारलं, मागचं अंगण झाडायचं का? मी टेबलाशी खुर्ची ओढून दिली आणि म्हणालो, बसा, आधी एका कागदावर सही करून द्या.